डबा उघडू नका

कवळीवाल्यांच्या घरात तीन खोल्या होत्या आणि त्यांतली सगळ्यांत हवेशीर खोली एका आगगाडीला दिलेली होती.

गाडी तशी हातभर लांब, पण तिचा थाट मोठा. तिचं नाव रुळवीर. कवळीवाले लहान असताना टीव्हीवर दर शनिवारी तिची मालिका लागायची. इंजिन आणि पाच डबे धडधडत यायचे, पुढे संकट दिसलं की इंजिन ओरडायचं, “डबे हो, जुळा!” आणि बघता बघता गाडीचा यंत्रमानव होऊन उभा राहायचा. इंजिनाचं डोकं आणि छाती, दोन डब्यांचे हात, दोन डब्यांचे पाय आणि शेवटच्या, गार्डाच्या डब्याची कंबर. खेळणी काढणाऱ्या कंपनीनं हे सहा तुकडे सहा वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकले. एकाच खोक्यात दिले असते तर पोरं एकदाच रडली असती.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या करणारे. खरं नाव होतं, पण ते आता फक्त टपालाच्या पाकिटांवर उरलं होतं. माणसाचा हात असा की मेणाच्या हिरडीवर दात बसवताना केसाचाही फरक राहायचा नाही. तरीही या माणसानं आपल्या चौसष्ट खेळण्यांपैकी एकही कधी हातात घेतलं नव्हतं. सगळी सीलबंद. रुळवीरचे डबे, त्याचे मित्र, त्याचे शत्रू, एक पूल, आणि संकटकाळी घुबड होणारा एक तिकीट तपासनीस, सगळे आपापल्या खोक्यांत पारदर्शक कागदाच्या खिडकीतून बाहेर बघत बसलेले. कारण नऊ वर्षांचे असताना कवळीवाल्यांना वाढदिवसाला रुळवीरचं इंजिन मिळालं होतं, आणि त्याचं डोकं बाहेर काढायच्या नादात त्यांनी त्याच दिवशी मान मोडली होती. तेव्हा जे रडले, त्यातून एकच गोष्ट शिकले: उघडलं की मोडतं. अकरा वर्षांपूर्वी जमवायला लागले ते हे ब्रीद घेऊनच.

एवढं सगळं सुरळीत चाललं असतं, पण आठ महिन्यांपूर्वी सासूबाई कंबर मोडून राहायला आल्या.

सासूबाईंची घडीची खाट पडली बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि त्या तक्रार करत नाहीत हे घरातल्या प्रत्येकाला रोज जाणवेल याची काळजी घेतली. जावयाशी थेट बोलणं नाही. शेजारी उभं राहूनसुद्धा लेकीला सांगायच्या, “त्यांना म्हणावं, दिवा मालवला तरी चालेल.” शेवटी बायकोनं कवळीवाल्यांना समोर बसवलं. ती लिफ्ट तपासनीस. रोज दहा ठिकाणी ‘ही चालेल, ही बंद करा’ असं सांगायची सवय.

“पुढच्या सोमवारी आई त्या खोलीत झोपणार. तुझी गाडी कुठं जाते ते तू बघ.”

“संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे,” कवळीवाले म्हणाले. “रुळवीरचे सहाही तुकडे सीलबंद असतील तर ते माझा सगळा संग्रह कायमचा काचेच्या दालनात ठेवतील. नावाच्या पाटीसकट. रविवारी बघायला येणार आहेत.”

“किती झालेत?”

“पाच. गार्डाचा डबा गुरुवारी पोचतोय.”

“ठीक. रविवारी मंडळ नेईल, नाहीतर सोमवारी भंगारवाला. मी त्याला सांगून ठेवते.” आणि ती चार दिवसांच्या तपासणीला परगावी निघून गेली.

गार्डाचा डबा मिळवायला कवळीवाल्यांनी तीन वर्षं घालवली होती. तो ज्याच्याकडे होता त्या गृहस्थाला काही केल्या तो सोडवत नव्हता. अखेर त्याच्या वडिलांसाठी वरची-खालची अख्खी कवळी करून द्यायचं ठरलं. म्हाताऱ्यांनी नव्या दातांनी पहिली काकडी चावली आणि त्याच दिवशी खोकं रवाना झालं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला कवळीवाल्यांनी कामावरून घरी फोन लावला. शेजारी घासायची मोटर घरघरत होती, तोंडाला फडकं होतं. सासूबाईंशी थेट बोलायची वेळ सहसा येत नसे, म्हणून त्यांनी वाक्यं मनात घोकून ठेवली होती.

“आई, आज डबा येईल.”

“येईल की,” सासूबाई म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या खाणावळीतून त्यांचा पथ्याचा डबा रोज बाराला यायचा.

“तो आला की तसाच टेबलावर ठेवा. उघडू नका.”

“अजिबात नको?”

“अजिबात नको. मी सहाला येतो, मग बघू.”

“सहाला.”

“हो. झाकणालासुद्धा हात लावू नका. आणि तुमचा तो कमरेचा पट्टा यायचाय ना, त्याचं खोकं आलं तर ते मात्र खुशाल उघडा. तुमचंच आहे.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. इतकं नीट बोलणं झाल्याबद्दल कवळीवाल्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्या आनंदात त्यांनी एका हेडमास्तरांच्या कवळीतली दाढ चुकून पुढे बसवली आणि पुन्हा काढली.

सहाला घरी आले तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले.

“आई, डबा आला का?”

“हा काय.” त्यांनी हनुवटीनं दाखवलं. टेबलाच्या मधोमध खाणावळीचा तीन पुडांचा स्टीलचा डबा उभा होता. कडी लावलेली. “सांगितलंत तसाच आहे. वरचं पाणीसुद्धा पुसलं नाही.”

“हा नाही हो. हा जेवणाचा.”

“मग या घरात दुसरा कुठला डबा येतो?”

कवळीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला तो एकदम नाही, हळूहळू, एकेक दात बसावा तसा. “म्हणजे तुम्ही दुपारपासून जेवलाच नाहीत?”

“मी विचारलं होतं, अजिबात नको? तुम्ही म्हणालात, अजिबात नको. माझं काय चुकलं ते काही सांगितलं नाहीत. म्हटलं, जावयाच्या घरी राहायचं तर ऐकून घ्यावं. गोळ्या घ्यायच्या होत्या, म्हणून दोन बिस्किटं खाल्ली. ती माझी होती.”

कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा म्हणजे गाडीचा डबा, गार्डाचा, असं काहीतरी ते सांगायला गेले आणि तेवढ्यात त्यांची नजर जमिनीवर गेली. तिथं तपकिरी पुठ्ठा फाडून ठेवला होता. त्याच्यावर एक रंगीत खोकं, खिडकीचा कागद कापलेलं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: कंबर.

“पट्टा नाही पाठवला त्यांनी,” सासूबाई म्हणाल्या. “कंबर लिहिलंय म्हणून उघडलं, तर आत ही आगगाडी. मला वाटलं डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला दिली असेल. सगळे सांधेच सांधे आहेत तिला.”

“आई...”

“मग मागं चित्र बघितलं. म्हटलं हिला आणखी पाच लागतात. तुमच्या खोलीत सापडले.”

खाटेवर पाच खोकी ओळीनं मांडून ठेवली होती, प्रत्येकाचं सील कात्रीनं सरळ रेषेत कापलेलं. अकरा वर्षं. एका दुपारी. ओरडावं असं फार वाटलं. पण समोर सत्तरीची बाई सहा तास उपाशी बसली होती, ती त्यांच्याच तोंडच्या शब्दामुळे. उपाशी माणसावर ओरडायचं कसं? त्यांनी डब्याची कडी काढली आणि भाजी गरम करायला ठेवली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

सासूबाई जेवल्या. पहिले चार घास मुकाट्यानं आणि मग बोलत.

“एकतीस वर्षं छत्रीच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होते मी. प्रत्येक छत्री तीनदा उघडायची, तीनदा मिटायची, मग पिशवीत. मुकादम म्हणायचा, वेळ जातो, एकदाच उघडा. मी म्हणायचे, पावसात उभं राहून तू उघड एकदाच. न उघडता छत्री विकणं मला कधी जमलं नाही हो. आणि तुमच्या खोलीत साठएक बंद खोकी! आठ महिने बघतेय. माझी बोटं नुसती शिवशिवायची.”

“ती उघडायची नसतात, आई. सीलबंद हवीत.”

“कशाला?”

कवळीवाल्यांना याचं उत्तर नेहमी तोंडपाठ असायचं. ते द्यायला त्यांनी मान वर केली. मग त्यांना साखरेच्या बरणीला टेकून उभा असलेला रुळवीर दिसला.

हात पुढे, छाती बाहेर, कपाळावर दिवा. टीव्हीत दिसायचा तसाच. नऊ वर्षांच्या मुलाला जे जमलं नव्हतं ते त्यांच्या टेबलावर उभं होतं, आणि मान शाबूत होती. कवळीवाले खाली वाकून बघत राहिले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की त्याला डावा पायच नाही.

“तो नव्हताच,” सासूबाई म्हणाल्या. “‘डावा पाय’ लिहिलेल्या खोक्यात आणखी एक उजवा हात निघाला. कारखान्यात शेवटच्या टेबलावर कुणी नसलं की असंच होतं.” त्यांनी जादाचा हात खिशातून काढून दाखवला. दुपारभर त्याच्या मुठीत चष्मा अडकवून ठेवला होता.

अकरा वर्षं कवळीवाले त्या खोक्याकडे बघून ‘डावा पाय’ म्हणत आले होते. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही कळेना. सासूबाईंनी रिकामा झालेला सगळ्यांत खालचा पुडा विसळला, पुसला आणि रुळवीरच्या मांडीखाली सरकवला. तंतोतंत बसला. बरणी बाजूला केली. रुळवीर एका पायावर आणि एका जेवणाच्या डब्यावर ठामपणे उभा राहिला.

बायकोला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. “अरे, हा असा दिसतो होय? अकरा वर्षांत मला कधी दाखवला नाहीस.” मग म्हणाली, “पण सोमवारचं लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. शुक्रवार-शनिवार कवळीवाल्यांनी दुसरा विचार केला नाही. सहा खोकी उघडलेली म्हणजे दालन नाही, दालन नाही म्हणजे भंगार. सासूबाईंना मात्र त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. ज्या बाईला खोली मिळावी म्हणून हे चाललं होतं तिनंच ते मोडलं, हे तिला कळून काय उपयोग?

रविवारी दहाच्या ठोक्याला मंडळाचे अध्यक्ष हजर झाले. त्यांना सगळे भिंगवाले म्हणायचे. गळ्यात भिंग, हातात पांढरे मोजे. खोकं कानाशी नेऊन एकदा हलवलं की आत काय आहे ते सांगायचे आणि सहीची चिठ्ठी चिकटवायचे. त्यांनी टेबलावरचा रुळवीर बघितला आणि एखाद्या घरी अवेळी गेल्यासारखा चेहरा केला.

“हे कुणी केलं?”

आतल्या बाजूला सासूबाईंची काठी वाजायची थांबली. कवळीवाल्यांनी ते ऐकलं.

“मी,” ते म्हणाले. “मीच उघडली. राहवलं नाही.”

“खोटं बोलतायत,” सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. “त्यांना उघडता येत नाही. मी उघडली.”

भिंगवाल्यांनी सासूबाईंकडे बघणं टाळलं आणि खोकी तपासली. चौथ्या खोक्याशी आले आणि जादाचा उजवा हात बघून त्यांचे डोळे विस्फारले. “म्हणजे या खोक्यात डाव्या पायाच्या जागी हात होता? कारखान्याची चूक? अहो, असं खोकं जगात दुसरं नसेल! हे सीलबंद असतं तर दालनाच्या मधोमध ठेवलं असतं मी!”

“सीलबंद असतं तर कळलं कसं असतं?” सासूबाईंनी विचारलं.

भिंगवाले गळ्यातलं भिंग पुसायला लागले.

“आणि ही चिठ्ठी कुणाची?” सासूबाईंनी खोक्याच्या बुडाकडे बोट दाखवलं. चिठ्ठीवर झोकदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आत डावा पाय आहे’. खाली भिंगवाल्यांची सही.

“मी हलवून बघितलं होतं,” ते पुटपुटले.

“तुमच्याकडे किती आहेत अशी?”

“एकशे बारा.”

“त्यांत काय आहे?”

“खोक्यावर लिहिलंय ते.”

“यावरही लिहिलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

भिंगवाले खुर्चीत बसले. पाणी प्यायले. नियमाप्रमाणे संग्रह दालनात घेता येणार नाही एवढं कसंबसं सांगून ते उठले आणि इतक्या घाईनं निघाले की पांढरे मोजे टेबलावरच राहिले. पंधरा मिनिटांत फोन आला. आवाज पडलेला. “आईंना विचारा, मंगळवारी त्यांना वेळ आहे का. कात्री माझ्याकडे आहे.”

पण ते मंगळवारचं. उद्या सोमवार होता. कवळीवाले आगगाडीच्या खोलीत जाऊन उरलेल्या अठ्ठावन्न खोक्यांसमोर उभे राहिले. मागून काठीचा आवाज आला.

“भंगारवाला येणार आहे म्हणे,” सासूबाई म्हणाल्या. “लेकीनं फोनवर सांगितलं. माझ्या खोलीसाठी. तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“सांगून काय...”

“काय म्हणजे? भंगारवाल्याला काय द्यायचं ते मी सांगितलं असतं.” त्यांनी एक खोकं उचललं, हलवलं. “एवढुसं खेळणं आणि एवढं मोठं खोकं. आत सगळी हवा. खोली तुमच्या खेळण्यांनी नाही भरली, हवेनं भरलीय. खोकी द्या त्याला. खेळणी एका फळीवर मावतील.”

आणि त्यांनी कात्री पुढे केली, मुठीकडून.

“तुम्हीच उघडा,” कवळीवाले म्हणाले. “माझ्या हातून मोडतं.” मग त्यांनी इंजिनाच्या मानेची गोष्ट सांगितली, जी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. सांगताना पन्नाशीच्या त्या माणसाचा आवाज कापला आणि त्याला त्याची लाज वाटली.

सासूबाई तिथल्या स्टुलावर टेकल्या. “लोकांच्या तोंडात दात बसवता तुम्ही. बसा इथं. उघडा. मी तपासते.”

कवळीवाल्यांनी पहिलं खोकं कापलं. आत तिकीट तपासनीस होता. घुबडाचा पंख अर्ध्यावर येऊन अडला आणि त्यांचा हात थांबला.

“जोर नको,” सासूबाईंनी त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. “अडला म्हणजे आधी दुसरं काहीतरी हलायचं राहिलंय. छत्रीची काडी अशीच. ती स्वतः सांगते. बघा, पोट आत घ्या आधी.”

पोट आत गेलं. पंख टक् करून उघडला. काही मोडलं नाही. कवळीवाल्यांनी तो मिटला, पुन्हा उघडला, आणि तिसऱ्यांदा उघडला तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“पास,” सासूबाई म्हणाल्या. “पुढचं.”

संध्याकाळी बायको परतली तेव्हा दारात चपट्या पुठ्ठ्यांचा कमरेएवढा ढीग होता. खिडकीवरच्या एका फळीवर चौसष्ट जणांची फौज दाटीवाटीनं उभी होती, आणि तिची आई त्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, नवऱ्याला पूल कसा मिटायचा ते शिकवत होती. थेट. मध्ये कुणी नव्हतं. बायकोनं तपासनिसाच्या नजरेनं सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, “चालेल.”

सोमवारी भंगारवाला येऊन पुठ्ठे घेऊन गेला. दुपारी कवळीवाल्यांनी कामावरून फोन लावला. मोटर आधी बंद केली.

“आई, डबा आला?”

“कुठला?”

“जेवणाचा.”

“आला. उघडला. जेवतेय. पण खाणावळवाली दारात उभी आहे. म्हणते, गुरुवारच्या डब्यातला एक पुडा अजून परत आलेला नाही. काय सांगू तिला?”

कवळीवाल्यांनी हातातली हिरडी खाली ठेवली.

“सांगा,” ते म्हणाले, “तो डबा गाडीला लागलाय. आता सुटायचा नाही.”